हे पुस्तक तुमच्या प्रदेशात मिळत नाही

या, पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं जवळ या, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. मागच्या खेपेला तात्यांचं मरण सांगितलं आणि दोघा भावांनी जग कसं वाटून घेतलं तेही सांगितलं. आज सांगायची आहे ती फक्त एका रविवारची दुपार. ज्यानं बोलायला जीभ दिली आणि ऐकायला कान दिले त्याला मनातल्या मनात हात जोडा आणि ऐका.

त्या दुपारी छापखान्याच्या मागच्या खोलीत चार माणसं बसली होती. यंत्रं बंद होती. कागद कापायच्या यंत्रावर निळं कापड टाकलेलं होतं. रोजच्या खडखडाटात वाढलेल्या माणसांना ती शांतता सोसत नव्हती, म्हणून कुणी ना कुणी उगाच खुर्ची सरकवत होतं. टेबलाच्या एका बाजूला भाऊ, घरातला थोरला मुलगा, छापखान्याचा मालक. समोर धाकटा. वय एकसष्ट, डोक्यावर केस नाही, पण घरात अजून 'बाळ'च. चाळीस वर्षं समुद्रापलीकडं राहणारा बाळ आदल्या दिवशी विमानानं उतरला होता आणि अंगातला कोट अजून काढायला तयार नव्हता. आलोय खरा, पण राहायला नाही, असं तो कोट सांगत होता. खिडकीशी भाऊंचा मुलगा. आणि संगणकापाशी, सगळ्यांकडं पाठ करून, भाऊंची सून.

भांडण पुस्तकाचं होतं. या घरात दुसरं कशाचं असणार? दोघांची थोरली बहीण आक्का, जिच्या अकरा पुस्तकांवर हा छापखाना उभा राहिला, तिनं बारावं पुस्तक सांगून लिहवलं होतं. सांगून, कारण एक डोळा पूर्वीच गेला होता आणि दुसऱ्यावर पडदा चढत होता. वर्षभरापूर्वी उपचारासाठी तिला बाळच्या घरी नेलं. तिथून ती रोज फोनवर बोलायची आणि इथं सून टाईप करायची. सात महिन्यांत पुस्तक पुरं झालं. छापलंही गेलं, पण छापील अक्षर आक्काला आता मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं. पडद्यावर मात्र अक्षर लिंबाएवढं करता येतं. एका वेळी पडद्यावर पाच-सहाच शब्द, पण वाचता येतात. बुधवारी शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की नजर राहील किंवा जाईल, आणि तारीख पुढं ढकलली तर जाईलच. आक्काचं मागणं एवढंच होतं की त्याआधी आपलं पुस्तक एकदा आपल्या डोळ्यानं वाचायचं.

तुम्ही म्हणाल, मग धाडायची की फाईल. सुनेनं तेच सुचवलं होतं. पण तात्यांच्या घरचा एक नियम होता: पहिली प्रत घरच्यानंसुद्धा गल्ल्यावर पैसे ठेवून घ्यायची. फुकट हातात आलेलं पुस्तक माणूस उशाशी ठेवतो आणि विकत घेतलेलं उघडतो, असं तात्या म्हणत. आक्कानं आपल्या अकराही पुस्तकांच्या पहिल्या प्रती रांगेत उभं राहून घेतल्या होत्या. तेव्हा ती म्हणाली, दुकानात आहे ना, मग घेईन विकत. बाळच्या मुलीनं पडद्यावरचं दुकान उघडून दिलं, आक्कानं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: हे पुस्तक तुमच्या प्रदेशात मिळत नाही.

आता हा 'प्रदेश' कुठून आला? तर तात्यांच्या वाटणीतून. बत्तीस वर्षांपूर्वी तात्यांनी कागद केला की देशात विकली जाणारी आक्काची पुस्तकं भाऊची आणि समुद्रापलीकडं जाणारी बाळची. आक्कानं वडलांच्या शब्दाखातर खाली सही केली. सुनेनं पुस्तक पडद्यावरच्या दुकानात मांडताना घरचा शिरस्ता पाळून फक्त आपल्या देशासमोर खूण केली. बाळनं आपल्या बाजूनं मांडायला फाईल मागितली, तर भाऊ म्हणाले की तात्यांच्या कागदाप्रमाणं ज्याच्या गोदामातून गठ्ठा निघतो त्याचा हक्क, आणि हे पुस्तक माझ्या संगणकातून निघतं, म्हणजे सगळं जग माझं. त्यांनी सुनेला साऱ्या देशांसमोर खूण करायला लावली. बाळनं दुकानाकडं वकिलाचं पत्र धाडलं. दुकानवाल्यांनी शहाण्यासारखं दोघांचंही ऐकलं नाही. पुस्तक जगभर बंद करून टाकलं आणि कळवलं की हक्क कुणाचा ते ठरवून मूळ कागदासह लिहा, सोमवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर पुस्तक कायमचं काढू.

म्हणून हा रविवार.

भाऊ म्हणत होते की बाळला एवढी वर्षं या पुस्तकांचं सोयरसुतक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी सुनेनं आक्काची पुस्तकं पडद्यावर आणली तेव्हा हाच बाळ हसून म्हणाला होता, हे खूळ आहे, दोन वर्षांत उतरेल. बाळ म्हणत होता की खूळ उतरलं नाही ही चूक त्याची नव्हे. भाऊंनी विचारलं, तुझ्या गोदामात सध्या काय आहे? बाळनं सांगितलं, जुनी सायकल आणि दोन गाद्या, पण म्हणून हक्क जात नाही.

"गाद्यांवर झोपून हक्क राखतोस होय रे," भाऊ म्हणाले.

"तू खुर्चीवर झोपून राखतोस, तसाच."

खिडकीशी मुलगा हसला आणि बापाची नजर फिरताच खोकला.

सून हसली नाही. तिच्या समोर कापडी पाठीची ती जुनी फाईल होती आणि फाईलवर तिचा तळहात होता. तीन आठवड्यांपूर्वी दुकानानं मूळ कागद मागितला तेव्हा तो एकेक पान यंत्रावर ठेवून उतरवून घ्यायचं काम तिच्याकडं आलं. पान ठेवायचं, झाकण लावायचं, उजेड सरकेपर्यंत थांबायचं. थांबताना दुसरं काही करायला नसतं, म्हणून तिनं वाचलं. अहो, या घरात तो कागद सगळ्यांना तोंडपाठ होता. भांडणात दोघे भाऊ तात्यांच्या तोंडून ऐकलेल्या त्यातल्या ओळी म्हणून दाखवत. पण तात्यांनी फाईल बांधली त्या दिवसापासून ती उघडून वाचलेला माणूस घरात एकही नव्हता. पुस्तकं छापण्यात जन्म गेलेली माणसं, आणि आपलाच कागद कुणी वाचला नव्हता.

त्यात लिहिलं होतं की आक्काची 'छापून, बांधून, गठ्ठ्यानं रवाना होणारी' पुस्तकं दोघा भावांना दिली आहेत. आणि पुढं, तात्यांच्या ठसठशीत अक्षरात: 'याखेरीज इतर कोणत्याही रीतीनं जे होईल ते लिहिणारीचं राहील.' बस्स. त्या काळी तात्यांच्या मनात नाटक असेल, आकाशवाणी असेल, देव जाणे. पण पडद्यावरचं पुस्तक छापत नाहीत, बांधत नाहीत, त्याचा गठ्ठा होत नाही. म्हणजे ते भाऊंचं नव्हतं आणि बाळचंही नव्हतं. बारावं तर नव्हतंच, पण गेली सहा वर्षं छापखाना जी अकरा पुस्तकं पडद्यावर विकत होता, तीही नव्हती. छापील पुस्तकाला आता कोण विचारतं? छापखान्यातली सात माणसं त्या अकरांवर जेवत होती.

तिनं नवऱ्याला सांगितलं होतं.  तो म्हणाला की विहिरीत धोंडा टाकायचा तर टाकता येतो, पण मग पाणी कुठून आणायचं तेही तूच सांग. आठ दिवस थांबू, दोघे भाऊ आपसात मिटवतील, आत्याला पुस्तक मिळेल, कागद पुन्हा फाईलमध्ये जाईल. ती थांबली. आठाचे पंधरा झाले, पंधराचे एकवीस. रोज सकाळी आत्याचा फोन यायचा की उघडलं का गं दुकान, आणि रोज ती म्हणायची, नाही हो आत्या, अजून नाही. ते खोटं नव्हतं. पण रोज फोन ठेवल्यावर ती फाईल उघडून ती ओळ पुन्हा वाचायची.

बाळचीही एक गोम होती, ती सांगून ठेवतो. निघताना आक्कानं त्याला विचारलं होतं की दुकान जगभर बंद कुणी पाडलं. तो म्हणाला, भाऊच्या हावेनं. वकिलाचं पत्र आपण धाडलं हे त्यानं सांगितलं नव्हतं. रोज सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात बहीण पडद्याला नाक लावून बसलेली असायची, लिंबाएवढ्या अक्षरांत तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा काढून वाचायची आणि पडदा पालथा ठेवायची. ते बघून बाळला चहा गोड लागत नव्हता. तो भांडायला आलाच नव्हता, मिटवायला आला होता. पण भाऊ समोर दिसला की त्याचं वय बारा होऊन जायचं, त्याला कोण काय करणार?

तीन वाजता फोन वाजला. तिकडं सकाळ होती. बाळच्या मुलीनं आवाज मोठा करून फोन आक्काच्या हातात दिला, आणि इथं सुनेनं टेबलाच्या मधोमध ठेवला.

आक्का नेहमी आधी सगळ्यांची चौकशी करायची. त्या दिवशी केली नाही. ती म्हणाली, "दिवसाला वीस पानं होतात माझी. डोळा दुखला तर पंधरा. बुधवारपर्यंत किती होतील ते मी मोजलंय. मला एवढंच सांगा, आज उघडेल का?"

भाऊंनी घसा साफ केला. आपण पुस्तक वाचलेलं नाही, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. छापलं होतं, छपाईचे फर्मे तपासले होते, शाई फिकी पडली म्हणून दोन पानं पुन्हा काढायला लावली होती, पण वाचलं नव्हतं. आक्का घरावर लिहिते हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपण त्यात कसे आहोत हे बघायची छाती झाली नव्हती. ज्या पुस्तकासाठी आपण सख्ख्या भावाशी भांडतोय ते आपण उघडलेलंच नाही, या विचारानं ते एकदम नरमले. म्हणाले, आक्का, अर्धा तास दे, फोन चालू ठेव, मार्ग काढतो.

आणि मार्ग निघाला. तो काढला खिडकीतल्या मुलानं. तो येऊन बापाच्या नव्हे, काकाच्या शेजारी बसला आणि म्हणाला की देश आणि परदेश सोडून द्या. दोघांनी मिळून एकच पत्र लिहायचं की या पुस्तकाचे पडद्यावरचे सगळे हक्क आम्हा दोघा भावांचे, सामाईक, अर्धे अर्धे. दोघांच्या सह्या झाल्या की दुकानाला कुठला प्रश्न उरत नाही.

बाळ पुतण्याकडं बघत राहिला. आपल्या बाजूला कुणी येऊन बसेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्यानं कोटाचं बटण काढलं. भाऊ म्हणाले, अर्धे? बाळ म्हणाला, अर्धे, आणि फाईल तुझ्याकडंच राहू दे, मला काय कळतंय त्यातलं. भाऊ म्हणाले, तू म्हणशील तर आधीच्या अकरांचंही तसंच करू. कितीतरी वर्षांनी दोघं एकमेकांकडं बघून बोलत होते. बाळनं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. देवा, तुझी माया अशी असते: दोन भावांचा समेट होतो आहे, डोळे भरून यावेत असं दृश्य आहे, आणि ज्या पाटावर दोघे बसलेत तो तिसऱ्याचा आहे.

"लिही सूनबाई," भाऊ म्हणाले. "आम्ही दोघे भाऊ, या पुस्तकाचे पडद्यावरील संपूर्ण हक्क आमचे असून..."

तिनं 'आम्ही दोघे भाऊ' लिहिलं. स्वल्पविराम दिला. मग हात थांबले.

नवऱ्यानं मागून हळूच सांगितलं, लिही, आत्याला मिळेल पुस्तक. त्याचंही खरंच होतं. लिहिलं असतं तर पुस्तक उघडलं असतं, भाऊ एक झाले असते, सात घरांची चूल पेटती राहिली असती. न लिहून काय मिळणार होतं? तिनं पुन्हा बोटं ठेवली आणि पुन्हा काढली.

"बाबा, मला हे लिहिता येत नाही."

भाऊंना वाटलं, शब्द अडला. ते सोपा शब्द सांगू लागले.

"शब्द नाही अडला. हे खरं नाहीये." तिनं फाईल उचलून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. "तिसरं पान. मोठ्यानं वाचा, काकांनाही ऐकू दे."

भाऊंनी चष्मा लावला. पाठ असलेल्या ओळी ते सपाट्यानं वाचत गेले. मग पाठ नसलेली ओळ आली आणि त्यांचा आवाज पायरी चुकलेल्या माणसासारखा झाला. त्यांनी ती पुन्हा वाचली. बाळ उठून त्यांच्या खांद्यामागं उभा राहिला आणि बोट ठेवून तिसऱ्यांदा त्यानं वाचली. यंत्रं बंद होती म्हणून सांगतो, रस्त्यावरच्या सायकलची घंटीसुद्धा त्या खोलीत ऐकू आली.

"म्हणजे अकराही," बाळ म्हणाला.

"अकराही," सून म्हणाली.

भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तू हे कधी वाचलंस?"

"तीन आठवडे झाले."

"मला माहीत होतं," तिचा नवरा मध्येच म्हणाला. "मीच तिला थांब म्हटलं."

"थांबले मी," ती म्हणाली. "तोंड माझं होतं."

तेवढ्यात टेबलावरून श्वासाचा आवाज आला. फोन चालूच होता.

तिकडं बाळच्या मुलीनं हे सगळं आत्याच्या तोंडाकडं बघत ऐकलं होतं. तिनं पुढं कितीदा तरी सांगितलं की आत्या हक्काचं ऐकून हललीही नाही. बत्तीस वर्षांनी आपलं काही आपलं निघालं, याचं तिला ना सुख दिसलं ना दुःख. पण 'तीन आठवडे' हा शब्द आला तेव्हा तिनं उजव्या हाताची बोटं अंगठ्यानं एकेक करून मोजली. एकवीस दिवस, रोजची वीस पानं. पुस्तक दोनशे चाळीस पानांचं होतं.

"जवळजवळ दोनदा झालं असतं वाचून," आक्का म्हणाली.

इकडं भाऊंनी चष्मा काढून फाईलवर ठेवला.

"सूनबाई आहे का तिथं?"

"आहे, आत्या."

"रोज मी तुला विचारत होते."

"हो."

"आणि रोज तू नाही म्हणत होतीस."

"हो, आत्या."

मग भाऊ फोनवर वाकले आणि ज्या माणसानं जन्मात कुणापुढं हात पसरला नाही तो म्हणाला की आक्का, तात्यांचा नियम गेला खड्ड्यात, आत्ता या क्षणी फाईल पाठवतो, वाच, जेवढं होईल तेवढं वाच. बाळनंही री ओढली. त्यानं वकिलाच्या पत्राचं कबूल केलं, तेही असं अडखळत की आक्काला दोनदा विचारावं लागलं, कुठलं पत्र.

आक्का थोडी हसली असावी. म्हणाली, तात्यांचा शब्द मोडायचाच असता तर त्या कागदावर सही करताना मोडला असता. तेव्हा मोडला नाही, आता तीन दिवसांसाठी कशाला मोडू? आणि तीन दिवसांत साठ पानं होतात. साठाव्या पानापर्यंत तर पुस्तकातली मी माझ्याच लग्नात पोचत नाही, अर्धवट नवरी म्हणून कुठं जाऊ आंधळी होऊन?

ती आंधळी हा शब्द बोलली आणि बाळची मुलगी उठून पाणी आणायला गेली.

मग तिनं सुनेला लिहायला सांगितलं, जसं सात महिने सांगत आली होती तसं, सावकाश, विरामचिन्हांसकट. हे पुस्तक मी लिहिलं आहे, पूर्णविराम. पडद्यावरचे हक्क माझे आहेत, सोबत वडिलांचा कागद जोडला आहे, पूर्णविराम. जगात जिथं कुणाला ते वाचावंसं वाटेल तिथं ते मिळावं, पूर्णविराम. कागद तिकडं छापून निघाला, मुलीनं बोट धरून जागा दाखवली, आक्कानं सही केली आणि ती उतरवून इकडं आली. बत्तीस वर्षांपूर्वीच्या सहीपेक्षा ही दुप्पट मोठी होती आणि रेघेच्या बाहेर गेली होती. खाली दोघा भावांनी लिहून दिलं की आमचा काही दावा नाही. भाऊंनी सही करताना पेन दाबून धरलं, बाळनं घाईनं केली.

भाऊंनी मग विचारलंच. विचारल्याशिवाय त्यांना झोप आली नसती. आधीच्या अकरांचं काय? छापखान्याचं काय? आक्का म्हणाली, बुधवारनंतर सांगीन. भाऊ म्हणाले, बुधवारनंतर म्हणजे? ती म्हणाली, माझी तीन आठवडे झोप उडाली आहे, तुमची तीन दिवस उडाली तर मरत नाही कुणी. आणि तिनं फोन मुलीकडं दिला.

सुनेनं दुकानाचं पान उघडलं. प्रदेशांची यादी लांब होती. कितीतरी देशांची नावं तिनं पहिल्यांदाच वाचली. सगळ्यांवर एकदम खूण करायचं बटण वर होतं, पण तिनं एकेकावर केली. धाडून झाल्यावर उत्तर लगेच आलं: तपासणीस तीन कामाचे दिवस लागतील. सोमवार, मंगळवार, बुधवार. नवरा तिच्या मागं उभा होता. त्यानंही मोजलं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे न कळून त्यानं खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

पुस्तक गुरुवारी सकाळी उघडलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, लांबवण्यात पुण्य नाही. पट्टी निघाली तेव्हा आक्काला खिडकी कुठं आहे ते कळत होतं, माणूस आला-गेला कळत होता. अक्षर कळत नव्हतं. लिंबाएवढंही नाही, थाळीएवढंही नाही. तिनं पुस्तक विकत घेतलं, मुलीकडून यंत्राला वाचायला लावलं, आणि अर्ध्या पानावर थांबवलं. म्हणाली, हा माझ्या आईचं मरण वीजबिलासारखं वाचतोय. अकरा पुस्तकं तिनं छापखान्याकडंच ठेवली, पण लेखी, दर वर्षी पुन्हा विचारायच्या अटीवर. भाऊंनी तो कागद तीनदा वाचून मग सही केली.

आणि सून? तिनं गुरुवारी फोन केला. काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं. कागद हातात होता, पण ती पहिल्या ओळीच्या पुढं गेली नाही. 

"मला राग आलाय तुझा," आक्का म्हणाली.

"येणारच, आत्या."

"जाईलसा वाटतोय. कधी ते नाही सांगता येत. घाई करू नकोस."

"नाही करणार."

"तोवर रोज फोन कर. आणि नुसता नको करू. दहा पानं वाचून दाखव. तुझ्या तोंडाला सवय आहे माझ्या वाक्यांची."

तिनं वाचलं. रोज दहा पानं, दोनशे चाळीस पानं, चोवीस दिवस. पलीकडून कधी हुंकार यायचा, कधी काहीच नाही. पंचविसाव्या दिवशी पुस्तक संपलं होतं आणि राग गेल्याचं आक्कानं काही सांगितलं नव्हतं. सुनेनं फोन केला, विचारलं, आत्या, आता? आक्का म्हणाली, पहिल्या पानापासून.

आक्काला सगळे आठवतात. वाचनालयात तिच्या नावाचं कपाट आहे, तिची बारा पुस्तकं आहेत, ती आता कुठल्याही देशात मिळतात. घरी जाताना तुम्ही त्या सुनेची आठवण ठेवा. तीन आठवडे ती गप्प बसली आणि मग बोलली, दोन्ही तिनंच केलं. रात्री देवाचं नाव घ्याल तेव्हा त्यात तिचंही एक धरा.